पाहणाऱ्याने ठरवलेला वंश

२००१ आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन आणि शिकागो या शहरांत वर्तमानपत्रांतल्या तेराशेहून अधिक नोकरीच्या जाहिरातींना जवळपास ५,००० अर्ज गेले. विक्री, कारकुनी, ग्राहकसेवा अशा साध्या नोकऱ्या होत्या. अर्ज करणाऱ्यांपैकी एकही माणूस अस्तित्वात नव्हता. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे बायोडेटा स्वतः तयार केले होते. अर्ध्यांवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांमध्ये रुळलेली नावे होती, तर अर्ध्यांवर लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांमध्ये रुळलेली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या १९७४ ते १९७९ या काळातल्या जन्मनोंदी तपासून ही नावे निवडली होती आणि कोणत्या बायोडेटावर कोणते नाव पडायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले होते. गोऱ्या वळणाच्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक बोलावणे आले. कृष्णवर्णीय वळणाच्या नावाला तेवढ्यासाठी १५ अर्ज लागले. शिक्षण आणि अनुभव यांची बाजू भक्कम केली तेव्हा गोऱ्या नावांची बोलावणी चांगलीच वाढली. दुसऱ्या गटाला त्या भक्कमपणाचा फायदा फारच थोडा झाला.

हा प्रयोग गेली वीस वर्षे वारंवार सांगितला जातो, पण त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट बहुधा सुटून जाते. इथे कोणाचीही कातडी नव्हती, रक्त नव्हते, पूर्वज नव्हते. होते फक्त कागदावरचे एक नाव आणि ते वाचणाऱ्या भरती अधिकाऱ्याच्या मनात उमटलेले चित्र. वंश घडला तो त्या मनात, आणि निर्णयही त्यावरच झाला. कामाच्या ठिकाणचा भेदभाव समजून घ्यायचा तर ‘हा माणूस कोणत्या वंशाचा आहे’ हा प्रश्न मागे ठेवून ‘समोरचा त्याला कोणत्या वंशाचा समजतो’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. प्रश्नांचा हा क्रम बदलला की भेदभावामुळे मनावर होणाऱ्या आघाताकडे पाहण्याची दिशाही बदलते. तो आघात सोसणाऱ्याच्या हळवेपणातून येत नाही. तो पाहणाऱ्याच्या निर्णयातून येतो, म्हणून त्याचा इलाजही आधी तिथेच शोधायला हवा.

कोणाला वाटेल की नाव ही फसवी खूण आहे, प्रत्यक्ष चेहरा पाहिल्यावर तरी वंशाबद्दल संशय उरत नसेल. तसे नाही. २०११ मध्ये जोनाथन फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर चेहऱ्यांची एक मालिका बनवली. एका टोकाला स्पष्टपणे गोरा चेहरा, दुसऱ्या टोकाला स्पष्टपणे कृष्णवर्णीय आणि मधे टप्प्याटप्प्याने एकातून दुसऱ्यात जाणारे चेहरे. प्रत्येक चेहरा दोन वेशांत दाखवला गेला, एकदा सूट-टायमध्ये आणि एकदा सफाई कामगाराच्या गणवेशात. पाहणाऱ्याने माऊसने ‘गोरा’ किंवा ‘कृष्णवर्णीय’ यांपैकी एकावर क्लिक करायचे होते. सफाई कामगाराच्या कपड्यांतला चेहरा ‘कृष्णवर्णीय’ ठरण्याची शक्यता वाढली, सूटमधला ‘गोरा’ ठरण्याची. शेवटी ‘गोरा’ असे उत्तर देणाऱ्यांचाही हात, समोर गणवेश असला तर, वाटेत दुसऱ्या उत्तराकडे किंचित वळून मग परत येत होता. माऊसच्या त्या वाकड्या रेषेत पाहणाऱ्याच्या मनातली ओढाताण नोंदली गेली. म्हणजे वंशावरून काम ठरते, तसा कामावरूनही वंश ठरतो.

हे प्रयोगशाळेपुरते नाही. अमेरिकेत १९७९ पासून तरुणांच्या एका मोठ्या गटाच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या जात होत्या. मुलाखत संपली की घेणारा आपल्या नजरेला समोरचा कोणत्या वंशाचा वाटला, ते लिहून ठेवत असे. अलिया सेपरस्टीन आणि अँड्र्यू पेनर यांनी या नोंदी वर्षानुवर्षांच्या क्रमाने लावून पाहिल्या, तेव्हा जवळजवळ २० टक्के लोकांचा नोंदलेला वंश निदान एकदा तरी बदललेला निघाला. बेकार झालेला, तुरुंगात जाऊन आलेला, दारिद्र्यात गेलेला माणूस पुढच्या फेरीत ‘कृष्णवर्णीय’ म्हणून नोंदला जाण्याची शक्यता अधिक होती. माणूस तोच होता, त्याच्या परिस्थितीने पाहणाऱ्याची नजर बदलली. रंगाच्या छटेचाही परिणाम होतो. जोनी हर्श यांनी अमेरिकेत कायदेशीर स्थलांतर केलेल्यांच्या उत्पन्नाचा अभ्यास केला. शिक्षण, इंग्रजी, व्यवसाय, जन्मदेश, एवढेच काय वंशसुद्धा हिशेबात धरूनही, सर्वांत उजळ कातडीच्या माणसाची कमाई सर्वांत गडद कातडीच्या माणसापेक्षा सरासरी १७ टक्के जास्त निघाली. त्यात भारतातून गेलेलेही होते.

आता पहिला आक्षेप घेऊ, कारण तो वजनदार आहे. मालकांच्या मनात द्वेष नसतो, असे काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतात. हातात माहिती अपुरी असते, म्हणून ते गटाच्या सरासरीवरून अंदाज बांधतात. अंदाज चुकत असेल, पण त्यात वैर नाही. शिवाय लकीशासारखी नावे वंशाबरोबर गरिबीचीही खूण ठरत असतील, तर मालकाने डावलले ते वंशाला की वर्गाला, हे कसे सांगायचे? दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. नावांमध्ये वर्गाची छाया असते, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवले आहे. पण डेव्हा पेजर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मिलवॉकी शहरातल्या प्रयोगात नावांचा आडपडदा नव्हता. सारख्या बोलण्याचालण्याचे, सारखे कपडे घातलेले तरुण प्रत्यक्ष दुकानांत आणि कार्यालयांत जाऊन अर्ज देत होते. त्यातले काही ‘अंमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगली आहे’ असे सांगत. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणांना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, नोंद असलेल्या गोऱ्यांना १७ टक्के ठिकाणांहून. गुन्ह्याची कसलीही नोंद नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना आले १४ टक्के ठिकाणांहून. हातात अधिक माहिती आली की अंदाज सुधारतो, असे मानणाऱ्यांनी हे आकडे नीट पाहावेत. नोंद असलेल्या गोऱ्याबद्दल मालकाला सगळे वाईट ठाऊक होते, तरी तो निष्कलंक कृष्णवर्णीयापेक्षा थोडा पुढेच राहिला.

अंदाजाच्या युक्तिवादातली याहून मोठी उणीव फ्रान्समध्ये उघड झाली. तिथल्या किराणा दुकानांच्या एका साखळीतल्या कॅशियरवर डिलन ग्लोव्हर, अमांडा पॅले आणि विल्यम पारियेंते यांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या पाळीला कोणता मॅनेजर असेल, हे संगणक ठरवत असे. कॅशियरला ते निवडता येत नव्हते. मॅनेजरांच्या मनातला छुपा पूर्वग्रह वेगळ्या चाचणीने मोजला होता. उत्तर आफ्रिकी किंवा आफ्रिकी वंशाचे वाटणारे कॅशियर पूर्वग्रह असलेल्या मॅनेजरच्या पाळीला जास्त वेळा गैरहजर राहत, पाळी संपल्यावर कमी वेळ थांबत, वस्तू सावकाश स्कॅन करत आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधे जास्त वेळ घेत. पूर्वग्रह नसलेल्या मॅनेजरच्या पाळीला हेच लोक उत्तम काम करत. मॅनेजर त्यांना टाकून बोलत होते का? नाही. ते त्यांच्या काउंटरकडे फारसे फिरकतच नसत, एवढेच. आणि विचारल्यावर हे कॅशियर ‘हा मॅनेजर मला आवडत नाही’ किंवा ‘त्याला मी आवडत नाही’ असेही सांगत नव्हते. म्हणजे ज्या सरासरीवर मालक अंदाज बांधतो, ती सरासरी त्याच्याच वागण्यातून तयार होते. इजा होते आणि ती सोसणाऱ्याला तिचे नावही सांगता येत नाही.

मनाच्या आरोग्याचा प्रश्न नेमका इथून सुरू होतो. तोंडावर केलेला अपमान भयंकर असतो, पण निदान कळतो. तक्रार करता येते, राग करता येतो, घरी जाऊन सांगता येतो. कार्यालयातला बहुतेक भेदभाव असा उघडा नसतो. बढती दुसऱ्याला मिळते आणि कारण दिले जाते ‘टीममध्ये बसणे’. बैठकीत आपली सूचना हवेत विरते आणि पाच मिनिटांनी तीच दुसऱ्याने मांडली की उचलून धरली जाते. अशा वेळी मन हिशेब करत बसते: माझे काही चुकले, की हे माझ्या रंगामुळे? जेसिका साल्व्हाटोर आणि निकोल शेल्टन यांनी २००७ मध्ये हा हिशेबच मोजला. सहभागी लोकांना एका कंपनीची भरतीची कागदपत्रे वाचायला दिली: उमेदवारांचे बायोडेटा, मुलाखत घेणाऱ्याचे शेरे, निर्णय. काहींच्या हातातल्या निर्णयात पूर्वग्रह नव्हता, काहींच्या उघड होता, काहींच्या संदिग्ध. लगेच नंतर एकाग्रता मोजणारी चाचणी झाली. गोऱ्या सहभागींची कामगिरी उघड पूर्वग्रह वाचल्यावर सर्वांत खालावली. कृष्णवर्णीय सहभागींची खालावली ती संदिग्ध पूर्वग्रह वाचल्यावर. न उलगडणारा प्रसंग डोक्याची शक्ती खात राहतो, आणि ज्याला असे प्रसंग रोज येतात त्याच्याकडून कामात बरोबरीने लक्ष देण्याची अपेक्षा मात्र तितकीच असते. हा एका तासाचा प्रयोग होता. नोकरी तीस वर्षांची असते.

या रोजच्या झिजेचे मोजमाप करायला समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स यांनी १९९७ मध्ये एक प्रश्नावली पुढे आणली. लोक तुमच्याशी इतरांपेक्षा कमी आदराने वागतात का, तुम्ही हुशार नाही असे समजून वागतात का, तुम्हाला घाबरल्यासारखे करतात का, आणि हे किती वेळा घडते, अशी ती चालते. आधी फक्त वागणुकीबद्दल विचारायचे आणि कारणाबद्दल नंतर, हे तिचे वैशिष्ट्य. त्यामुळे ‘वंशभेद’ हा शब्द उत्तर देणाऱ्याच्या तोंडी आधीच घातला जात नाही. यिन पॅरडीज आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या आणि अशा मापांवर आधारलेले २९३ अभ्यास एकत्र करून तपासले. वंशभेदाचा अनुभव आणि नैराश्य, चिंता, मानसिक त्रास यांचा संबंध स्पष्ट निघाला, आणि शारीरिक आरोग्याशी असलेल्या संबंधापेक्षा तो अधिक बळकट होता. शरीरही सुटत नाही. तणाव वारंवार आणि दीर्घकाळ राहिला की कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके, रक्तदाब, झोप यांची घडी विस्कटते. आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अकाली खालावणाऱ्या प्रकृतीचे स्पष्टीकरण याच सततच्या झिजेत शोधले होते.

दुसरा आक्षेप या प्रश्नावल्यांवर आहे आणि तो अधिक नाजूक आहे. आधीच खिन्न असलेल्या माणसाला सगळीकडे अवहेलना दिसते, मग भेदभावातून नैराश्य आले की नैराश्यातून भेदभाव दिसू लागला? माणसाच्या एका वेळच्या उत्तरांवरून हे ठरवता येत नाही, हे कबूल करायलाच हवे. एकत्र केलेल्या अभ्यासांतले बरेचसे असेच एकवेळचे आहेत. त्यांच्यापलीकडे दोन प्रकारचा पुरावा आहे. एक म्हणजे त्याच माणसांना वर्षानुवर्षे विचारत राहणारे अभ्यास. ब्रिटनमधल्या अशा पाहणीवरून वॉलेस, नाझरू आणि बेकारेस यांनी २०१६ मध्ये दाखवले की वांशिक भेदभावाचे अनुभव जसजसे साठत जातात, तसतसे अल्पसंख्याकांचे मानसिक आरोग्य ढासळत जाते. दुसरा पुरावा असा, की त्यात कोणालाच काही विचारलेले नाही. १२ मे २००८ रोजी आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल या छोट्या गावात मांस-प्रक्रिया कारखान्यावर केंद्रीय अधिकाऱ्यांनी छापा घातला आणि ३८९ कामगारांना अटक केली. निकोल नोव्हाक, जेरोनिमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर संपूर्ण राज्याच्या जन्मनोंदी तपासल्या. छाप्यानंतरच्या ३७ आठवड्यांत लॅटिन अमेरिकी मातांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २४ टक्क्यांनी वाढला होता. गोऱ्या मातांच्या बाळांमध्ये अशी वाढ नव्हती. अमेरिकेतच जन्मलेल्या, जन्माने नागरिक असलेल्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या मातांनाही हा धोका चुकला नाही. त्यांना अटकेची भीती कायद्याने असण्याचे कारण नव्हते. पण त्या ‘तशा’ दिसत होत्या. बाळाच्या वजनाला खिन्न मनाचा चष्मा लागत नाही.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याने माझ्या म्हणण्याला मर्यादा पडते. भेदभाव मनाला इतका पोखरतो, तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये नैराश्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त असायला हवे होते. ते तसे नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात कधी तरी तीव्र नैराश्य आलेल्यांचे प्रमाण गोऱ्यांत १७.९ टक्के आणि आफ्रिकन अमेरिकनांत १०.४ टक्के होते. याचे कारण काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कुटुंब आणि चर्चचा आधार, त्रास सांगण्याच्या वेगळ्या पद्धती, तपासणीच्या प्रश्नांतली त्रुटी अशी अनेक स्पष्टीकरणे पुढे येतात. म्हणून ‘भेदभाव म्हणजे नैराश्य’ असे सरळ समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. पण त्याच पाहणीतला पुढचा आकडाही वाचायला हवा. एकदा नैराश्य आले की ते चिवटपणे टिकून राहण्याचे प्रमाण गोऱ्यांत ३८.६ टक्के होते आणि आफ्रिकन अमेरिकनांत ५६.५ टक्के. तीव्र आजार असलेल्या आफ्रिकन अमेरिकनांपैकी निम्म्याहून कमी लोकांना कसलाही उपचार मिळाला होता. माणसे खंबीर आहेत. त्यांच्या खंबीरपणावर किती भार टाकायचा, हा प्रश्न वेगळा आहे. चिवट आजार म्हणजे कारण अजून जागेवरच आहे, असा माझा अर्थ आहे.

आपल्याकडे याचे थेट धागे आहेत. कॅनडात फिलिप ओरिओपुलस यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय, पाकिस्तानी आणि चिनी नावांपेक्षा इंग्रजी नावांना मुलाखतीची बोलावणी ३५ ते ४० टक्क्यांनी अधिक आली, शिक्षण आणि अनुभव कॅनडातलाच असूनही. टोरांटोत स्थायिक होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाशी या आकड्याचा संबंध आहे. भारतात ही पद्धत आणणाऱ्यांत अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात होते. त्यांनी पॉल अटवेल यांच्यासह खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. उच्चजातीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढच्या टप्प्यात जाण्याची संधी सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश होती. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनी ठामपणे मांडले होते, आणि ते विसरून दोन्हींची सरमिसळ करू नये. सारखेपणा आहे तो डावलण्याच्या रीतीत: आडनाव वाचणाऱ्याच्या मनात एक ओळख उभी राहते आणि पुढची पाने उलटलीच जात नाहीत. ईशान्य भारतातून पुण्या-मुंबईत, दिल्लीत, बेंगळुरूत हॉटेल, रुग्णालय, ब्यूटी पार्लरमध्ये कामाला आलेल्या तरुणांच्या बाबतीत मात्र चेहरा वाचला जातो. ते भारतीय असून परके समजले जातात. २०१४ मध्ये अरुणाचलच्या निडो तानियाम या तरुणाच्या दिल्लीतल्या मृत्यूनंतर केंद्र सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली, ती यासाठीच.

मग करायचे काय? अर्जावरचे नाव झाकावे, हा उपाय सर्वांना आधी सुचतो. फ्रान्समध्ये तो करून पाहिला गेला आणि निष्कर्ष उलटा आला. नावे झाकल्यावर अल्पसंख्याक उमेदवारांच्या मुलाखती घटल्या. प्रयोगात स्वेच्छेने आलेल्या कंपन्या आधीपासूनच त्यांच्याबाबत अनुकूल होत्या आणि नाव झाकल्यामुळे बायोडेटातली खंडित नोकरी किंवा गरीब वस्तीचा पत्ता समजून घेण्याची संधीही गेली. पूर्वग्रहांवरच्या कार्यशाळांचा अनुभवही निराशाजनक आहे. अलेक्झांड्रा कालेव, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या ७०८ खासगी आस्थापनांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. प्रशिक्षणाने व्यवस्थापनातले स्त्रियांचे आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण जवळजवळ हलले नाही. हलले ते जिथे कोणा एका व्यक्तीवर किंवा समितीवर या आकड्यांची जबाबदारी टाकली होती तिथे.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी पॅट्रिक क्लाइन, इव्हान रोझ आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी अमेरिकेतल्या १०८ बड्या कंपन्यांना सुमारे ८३,००० बनावट अर्ज पाठवले होते. कृष्णवर्णीय नावाला होणारा तोटा सगळीकडे सारखा नव्हता. सर्वांत वाईट वागणाऱ्या एक-पंचमांश कंपन्यांकडेच एकूण हुकलेल्या बोलावण्यांपैकी जवळजवळ निम्मी जात होती. जिथे भरतीची सूत्रे एका मध्यवर्ती विभागाकडे होती तिथे दरी कमी होती. शाखेतल्या एखाद्या वरिष्ठाच्या पसंतीवर सगळे सोडले की पहिल्या नजरेत उमटलेले चित्रच निर्णय घेते. निकष आधी लिहून ठेवावे लागले, कोणाला आणि का वगळले याची नोंद दुसऱ्या कोणाला दाखवावी लागली, की त्या चित्राला आडकाठी होते. कंपन्या आज ताणतणावाच्या शिबिरांवर, ध्यानाच्या ॲपवर, समुपदेशनाच्या हेल्पलाइनवर पैसे खर्च करतात. त्यातले समुपदेशन कोणाला तरी खरोखर सावरते आणि ते चालूच राहावे. पण ज्या विभागातून अल्पसंख्याक कर्मचारी वारंवार आजारी रजा टाकतात, बदली मागतात किंवा नोकरी सोडतात, तिथल्या बढत्यांची मागच्या पाच वर्षांची यादी त्याच विभागाच्या प्रमुखासमोर ठेवून प्रत्येक नावाचे कारण त्याला विचारणे, हा मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमाचाच भाग आहे आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे जवळजवळ प्रत्येक एचआर विभागात आधीच पडून आहेत.